दीड एकर जुनी डाळिंब बाग काढायची आहे, बुंध्यांचं काय करावं?

सांगोल्याची_सून

नमस्कार मंडळी. तालुका सांगोला, माण नदीच्या अलीकडे आमचं रान. दीड एकर भगवा जातीचं डाळिंब, 14 बाय 10 फुटांवर. 2009 च्या पावसाळ्यात लागण झाली तेव्हा मोजून 430 झाडं होती. परवा वही घेऊन ओळीओळीनं फिरले, हिरवी म्हणावीत अशी 168 निघाली. त्यातल्याही निम्म्यांच्या बुंध्याला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा. नव्वदेक मेलेली झाडं आम्ही आधीच उपटलीत, बाकीची वाळून तशीच उभी आहेत.

ही बाग सासऱ्यांनी लावली. 2013 च्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेऊन जगवली, सासूबाईंची एक पाटली त्यात गेली. ती मोडलेली पावती अजून ट्रंकेत आहे. 2020 च्या ऑक्टोबरात पाऊस कोसळला, चार दिवस झाडांच्या बुडाशी पाणी हललं नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून एकेक झाड वरून पिवळं पडून वाळायला लागलं. औषधं झाली, ड्रेंचिंग (बुडाशी औषधाचं पाणी ओतणं) झालं, कुणी सांगितलं म्हणून काय काय ओतलं ते सांगायची आता लाज वाटते. मालक पुण्याला नोकरीला. शनिवारी रात्री येतात, रविवारी दुपारी जातात, त्यामुळे निर्णय फोनवर आणि काम माझ्या अंगावर.

आता काढायचं ठरलंय. अण्णा (सासरे) "काढा" एवढंच म्हणाले आणि देवळाच्या पारावर जाऊन बसले.

माझे प्रश्न असे. जेसीबीनं मुळासकट काढावं, की कटरनं जमिनीलगत कापून बुंधे कुजायला सोडावेत? गावात दोघं दोन सांगतात. कापणारा वखारवाला फुकट कापून नेतो म्हणतो, म्हणजे पैसे वाचतात. पुन्हा डाळिंबच लावायचं झालं तर त्याच खड्ड्यात चालेल का? बांधावर सात जुन्या उमराण बोरी आहेत, त्याही काढायच्या मनात आहे, कारण आता फळापेक्षा काटाच जास्त. आणि वावराच्या दक्षिणेला एक गावरान आंबा आहे, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा, त्याची सावली चार गुंठ्यांवर पडते. सासूबाई त्याला हात लावू देणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी विचारून ठेवते.

ठिबकची सबमेन (जमिनीखालची मोठी पाइप) नेमकी कुठून गेली हे अण्णांना सोडून कुणाला माहीत नाही.

डबल_बहार

जमिनीलगत कापा, बुंध्यात कटरनं चार खाचा पाडा, डिझेल ओता, रात्रभर मुरू द्या, सकाळी काडी लावा. आमच्याकडं असंच करतात. जेसीबीचे पैसे कशाला घालवता?

माढेकर

ताई, वरच्या भावाचं ऐकू नका, मी ऐकलं होतं.

मी 2022 ला 600 झाडं काढली. माझ्याकडनं तीन चुका झाल्या, त्या तुम्ही करू नका म्हणून एवढं लिहितोय.

पहिली ही फुकट कापून नेण्याची. मलाही वखारवाल्यानं गोड बोलून जमिनीलगत कापून दिलं. डाळिंब म्हणजे झुडूपच की ओ, बुडातून फुटायचा त्याचा जन्माचा धंदा. मेलेले बुंधे गप राहिले, पण ज्यांच्यात जीव होता त्यातला एकेक पाऊस पडल्यावर पंधरा-वीस फुटवे घेऊन उठला. कोवळे फुटवे, वर रिमझिम, मग काय, तेल्याला (पानाफळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या रोगाला) पंगत बसली. शेजारी भावाची चांगली बाग होती, त्यानं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी जेसीबी बोलवावाच लागला. आणि आता बुंधा जमिनीबरोबर, बकेटला धरायला काही नाही. एका बुंध्याला आठ-आठ मिनिटं. उभं झाड असतं तर दीड मिनिटात आलं असतं. म्हणून आधी फांद्या छाटून घ्या, पण खोड कमरेएवढं ठेवा. मागचं बकेट खोडाला टेकवून एकदा पुढं लोटायचं, एका बाजूच्या मुळ्या सुटल्या की खालून उचलायचं. वरचा दांडा जेवढा लांब तेवढी पहार लांब, असं समजा.

दुसरी चूक, लाकूड चुलीला होईल म्हणून घरामागं रचलं. त्या भोकांतनं काळे बारके भुंगे बाहेर पडून कुठं जाणार? जवळच्या जिवंत डाळिंबाकडंच. भावाच्या बांधाकडच्या दोन ओळी त्यात गेल्या. लाकूड वखारवाल्याला देऊ नका, गावातच कुणाच्या तरी बागेशेजारी उतरवतो तो.

तिसरी चूक अजून भोगतोय. आमच्याकडं वर दीड फूट माती, खाली मुरूम, मधनं चुनखडीचा पट्टा. ड्रायव्हर पोरगा जोशात, प्रत्येक बुंध्याला तीन-साडेतीन फूट खोल गेला. खालची चुनखडी वर, वरची माती खाली. तिथं हरभरा लावला तर चट्टे पडल्यासारखा पिवळा. डाळिंबाच्या बहुतेक मुळ्या वरच्या दोन फुटांतच असतात, त्यामुळं दोन फुटांच्या खाली जाऊ नको म्हणून आधी बजावा आणि बांधावर कुणीतरी उभं राहा.

डिझेलचं सांगायचं राहिलं. मी दहा बुंध्यांवर करून बघितलं. वरचं जळतं आणि विझतं, आतली मुळी मात्र धुमसत राहते. तिसऱ्या दिवशी कुठनं धूर निघतोय म्हणून बघितलं तर सबमेन वितळलेली. आणि त्या दहा जागी पुढच्या वर्षी गवतसुद्धा नीट आलं नाही.

ट्रॅक्टरला साखळी लावून उपटायचा विचार कुणी डोक्यात घातला तर एकच सांगतो. साखळी खालच्या हूकलाच लावायची. टॉपलिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडाच्या) उंचीवर बांधली की बुंधा हलत नाही, ट्रॅक्टरच पुढून उठतो आणि चालवणाऱ्यावर येतो.

जुना_कृषीसहायक

माढेकरांनी लाखमोलाचं लिहिलं आहे. मी फक्त भर घालतो.

ताई, काढण्यापूर्वी नेमकं काय होतं ते बघून घ्या, कारण पुढं काय लावायचं ते त्यावर ठरेल. वाळायला लागलेलं एक आणि हिरवं दिसणारं एक अशी दोन झाडं टिकावानं हळू काढा. मनगटाएवढी मुळी आडवी कापा. लाकूड आत पांढरट-पिवळसर असायला हवं. त्यात तपकिरी, काळपट, राखाडी डाग किंवा पट्टे दिसले तर सेरॅटोसिस्टिस बुरशीची मर (झाड वाळवणारा रोग) आहे. मग बारीक मुळ्या धुऊन बघा. मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमीही (मुळ्यांत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे) आहे. तुमच्या वर्णनावरून खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा तर आहेच. आपल्याकडे बहुतेक वेळा ही तिघं मिळूनच येतात, आणि औषध मात्र एकेकट्यावर मारलं जातं. मुळ्यांचे आणि मातीचे नमुने पिशवीत घालून केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा. ते 2005 पासून आपल्या सोलापुरातच आहे, पण बाग मेल्याशिवाय तिकडची वाट कुणी धरत नाही. एसटीनं सोलापूर गाठलंत तर पुढं पुणे रस्त्यालाच आहे.

मर असेल तर बुंधा निघाला म्हणजे काम झालं असं धरू नका. बोटाएवढी मुळी जमिनीत राहिली तरी बुरशी तिच्यात तग धरते, शेजारच्या झाडाच्या मुळीला मुळी लागली की पुढं सरकते, नांगराच्या फाळाला लागलेल्या मातीबरोबरही जाते. म्हणून जेसीबी गेल्यावर नांगरट करा आणि नांगरामागं बायका लावून मुळ्या वेचा. मग फणपाळी (दातेरी अवजार) मारा आणि पुन्हा वेचा. कंटाळवाणं काम आहे, मजुरी जास्त जाते, पण पैसे घालवायचेच असतील तर इथं घालवा. काढलेलं झाड उभ्या ओळींतून फरफटत नेऊ नका, ट्रॉलीत भरून रानाच्या कडेला न्या आणि लगेच जाळा. वाऱ्याची दिशा बघून, शेजाऱ्याला सांगून.

वेळ मार्च ते मे. एप्रिल-मेचं ऊन आपल्याला फुकट मिळतं, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उकरलेली माती तापू द्या. मात्र काढण्याच्या आधी दोन-तीन दिवस ठिबक चालवून वाफसा (बेताची ओल) येऊ द्या. कोरड्या ठणठणीत जमिनीत मुळ्या तुटून आत राहतात. पाणी ठिबकनंच द्या, पाटानं सोडून रोगट ओळीचं पाणी खाली जाऊ देऊ नका.

त्याच खड्ड्यात पुन्हा डाळिंब लावू नका. निदान दोन वर्षं दुसरं काही घ्या. पहिल्या पावसाळ्यात ताग पेरून फुलावर आला की गाडा. सूत्रकृमी निघाला तर आफ्रिकन झेंडू घ्या, दसरा-दिवाळीला पैसाही होतो. ज्वारी, बाजरी चालेल. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी टाळा, सूत्रकृमीची ती आवडती पंगत. पुढं डाळिंब लावाल तेव्हा जुन्या दोन ओळींच्या मध्ये नवी ओळ घ्या. खड्डे किंवा गादीवाफ्याची जागा ओली करून 25 मायक्रॉनचा पारदर्शक कागद कडा मातीत दाबून सहा आठवडे अंथरला तर बराच फरक पडतो. काळा मल्चिंग पेपर यासाठी उपयोगाचा नाही.

कायद्याचं थोडक्यात. डाळिंब आणि बोर 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत नाहीत. आंबा, चिंच, जांभूळ आहेत, फणसही आहे. तुमच्या रानातला, तुमच्या सासऱ्यांनी लावलेला असला तरी आंबा परवानगीशिवाय तोडता येत नाही. सातबारा घेऊन वन विभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात आधी चौकशी करा. आणि बाग काढल्यावर ई-पीक पाहणीत नवीन पीक नोंदवायला विसरू नका, नाहीतर सातबाऱ्यावर डाळिंब उभंच राहतं आणि पुढं फळबाग योजनेचा अर्ज करताना उभ्या नसलेल्या बागेचा खुलासा देत बसावं लागतं.

आंब्याला हात न लावण्यात सासूबाई बरोबर आहेत असं माझं मत. सावलीच नडत असेल तर पूर्ण तोडण्याऐवजी मुख्य फांद्या दहा-बारा फुटांवर छाटून घ्या. कापांना बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लोखंडी भांडं वापरू नका. नवीन फूट आली की ठरावीक धुमारे ठेवून त्यांवर केशरचं कलम बांधून घेता येतं. खोडाला भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागते का यावर मात्र लक्ष ठेवा. एवढ्या छाटणीसाठीही आधी विचारून घेतलेलं बरं.

बे_सोलापूरकर

मी शहरातला, जुळे सोलापुरात. कंपाउंडला चिकटून वाळलेला चिकू होता, तोडला, बुंधा राहिलाय. बोळ सहा फुटांचा, जेसीबी येत नाही बे. मिठानं मरतो म्हणतात, खरंय का?

जुना_कृषीसहायक

मीठ घालू नका. आपली माती आणि बोअरचं पाणी आधीच खारट, त्यात भर नको. बुंधा वाळलेलाच आहे, घाई कशाला? ड्रिलनं वीतभर खोल दहा-बारा भोकं पाडा, युरिया भरा, वर पाणी आणि ओलं शेण, पोतं टाकून झाका, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा ओलं करा. दोन-तीन वर्षांत पहारीनं भुगा होईल. घाई असेल तर भोवती दोन फूट चर घेऊन एकेक मुळी कुऱ्हाडीनं तोडा, भिंतीच्या पायाकडची मात्र ओढू नका, कापून तिथंच सोडा. आणि पुढच्या वेळी तोडायच्या आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. शहरात 1975 चा वेगळा कायदा आहे, त्याला चिकू, आंबा सगळं सारखं.

माढेकर

ताई, बोरींचं कुणीच बोललं नाही. बोर म्हणजे मेलेला पाहुणा, परत येतो. तसंही एप्रिलात आपण बोरी खरडूनच छाटतो, तरी आषाढात हिरव्यागार असतात. कापून ती मरत नाही. कलम वरचं, खुंट रानबोरीचा, वरचं कापलं की खालची रानबोर मोकळी सुटते आणि मग फळ करवंदाएवढं आणि काटा इंचभर. काढायची तर सोटमुळी तोडावी लागते, ती सरळ खाली मुरमात. त्यासाठी बांध फोडावा लागणार. बांध फुटला की भावकी जागी होते. आधी शेजाऱ्याला विचारा, बांध सामाईक असतो. मी तर म्हणतो राहू द्या, नाहीतरी शेळ्यांना पाला आहे आणि छाटलेली बोराटी कुंपणाला.

सांगोल्याची_सून

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांचे आभार, माढेकर दादांचे आणि काकांचे खास.

मुळी कापून बघितली. हिरव्या दिसणाऱ्या झाडाचीही आत काळपट निघाली, बारीक मुळ्यांना गाठी पण होत्या. केगावला नमुने दिले, मर आणि सूत्रकृमी दोन्ही असल्याचं सांगितलं. त्या दिवसापासून घरात "थोडं थांबून बघू" हे वाक्य बंद झालं.

फांद्या छाटून खोडं कमरेएवढी ठेवली. दोन रात्री ठिबक चालवलं. जेसीबी तासाला 1,300 नं ठरला. ड्रायव्हर पहिल्याच बुंध्याला खोल जायला लागला तेव्हा मी ओरडले, तर म्हणतो, "वहिनी, तुम्हाला काय कळतंय यातलं." मी काही म्हणायच्या आत मागून अण्णा आले. पारावरून कधी उठून आले कळलंच नाही. हातात पहार. बुंध्यापासून सबमेनपर्यंत पावलांनी अंतर मोजलं, तीन ठिकाणी चुन्याच्या खुणा केल्या आणि मग बांधावर घड्याळ घेऊन बसले. दोन दिवसांत ड्रायव्हरच्या हिशेबात साडेअकरा तास झाले, अण्णांच्या घड्याळात दहा तास पन्नास मिनिटं. चहा, तंबाखू आणि फोन यांची वेळ अण्णांनी माझ्या वहीत वेगळी मांडली होती. पैसे पन्नास मिनिटांसकट दिले, पण वरचे चाळीस मिनिटांचे दिले नाहीत. एवढं सांभाळून पाइप एका ठिकाणी फुटलाच, तोही मी लॅटरल (ठिबकच्या बारीक नळ्या) गुंडाळताना चुकीच्या बाजूला टाकल्यामुळे. 180 रुपयांचा जोड.

बुंधे त्याच संध्याकाळी ट्रॉलीनं माळावर नेऊन जाळले. वखारवाला दोनदा येऊन गेला, शेवटी "वाया घालवताय" म्हणून निघून गेला.

मुळ्यांचं काका, तुम्ही सांगितलंत तेव्हा खरं सांगायचं तर अतिशयोक्ती वाटली होती. सहा बायका, पाच दिवस, 350 रुपये रोज, म्हणजे 10,500. जेसीबीपेक्षा थोडेच कमी. पहिल्या नांगरटीनंतर सव्वादोन ट्रॉल्या मुळ्या निघाल्या, फणपाळीनंतर आणखी निम्मी. पाचव्या दिवशीसुद्धा पाटी भरत होती. आमच्यात एक म्हातारी आजी आहे, ती वेचता वेचता प्रत्येक मुळी मोडून वास घेत होती आणि "ही मेली, ही मेली" म्हणत होती.

बोरी ठेवल्या. शेजारच्या चुलत सासऱ्यांना विचारायला गेले तर ते म्हणाले, बांध दीड हात त्यांच्याकडे सरकलाय, आधी मोजणी करू. तिथूनच परत फिरले. आंब्याचं वन विभागाच्या ऑफिसात विचारून ठेवलंय. छाटायचं की नाही ते सासूबाई ठरवतील, यंदा तरी त्याच्या कैऱ्या उतरवून लोणचं झालंय.

आता ताग पेरणार, नंतर अर्ध्यात झेंडू, अर्ध्यात मालदांडी ज्वारी.

एक अडचण राहिली. विहिरीजवळची दोन झाडं अण्णांनी काढू दिली नाहीत. एकाच्या बुंध्याला एकही भोक नाही, पानं काळीभोर हिरवी. म्हणतात, ही पहिल्या दिवशी लावलेली आहेत, राहू द्या. काय करू?

जुना_कृषीसहायक

नियमाप्रमाणं काढायला पाहिजेत, हे तुम्हालाही माहीत आहे. ठेवायचीच असतील तर त्यांच्या भोवती, पसाऱ्याच्या फूटभर बाहेरून तीन फूट खोल चर मारा आणि चरात आलेल्या मुळ्या तोडून बघा. काळपट निघाल्या तर अण्णांना स्वतःच्या डोळ्यांनी दाखवा. पांढऱ्या निघाल्या तर चर उघडा ठेवा, त्यांचं ठिबक वेगळं करा, आणि त्या दोन झाडांत वापरलेलं खुरपं-टिकाव धुतल्याशिवाय नव्या रानात नेऊ नका.

सांगोल्याची_सून

अण्णांना वाचून दाखवलं. चर उद्या सकाळी, टिकावानं मारायचा म्हणाले, जेसीबी नको.

माढेकर

मुळ्या कशा निघाल्या ते कळवा.